वखारीतले अरण्य

करमाळकर मास्तर रस्त्याने जाताना प्रत्येक झाडाला टोपी काढून नमस्कार करीत. भवानी पेठेतल्या घरापासून शाळेपर्यंत हा त्यांचा नेम. पण आमच्या सोलापुरात झाडेच अशी बेताची, की या नेमापायी मास्तरांना शाळेत उशीर झाल्याचे कोणी कधी ऐकले नाही. चौकीजवळचा लिंब, विहिरीवरचा पिंपळ आणि शाळेच्या कुंपणातली एक वाकडी बाभूळ, संपले अरण्य. त्यातही ती बाभूळ झाड आहे की कुंपणाचा खांब, याची मास्तर सोडून कोणालाच खात्री नव्हती. आमच्याकडचे वैशाखातले ऊन असे, की कावळासुद्धा स्वतःच्या सावलीत शिरायला बघतो. तसल्या उन्हातही मास्तरांची टोपी निघायची. ‘मास्तर, टाळू तापंल,’ असे कोणी म्हटले, की म्हणायचे, “तापू दे की! त्यो लिंब जन्मभर उन्हात हाय. त्याला कुटं टोपी हाय?”

माझी त्याच पेठेत लाकडाची वखार होती. लाकूडवाल्याच्या फुटात इंच कमी भरतात, असा आमच्या धंद्यावर जुना आरोप आहे. खरेखोटे देव जाणे; पण लाकूड मोजताना जी काही तूट आली असेल ती मी गोष्ट सांगताना भरून काढतो, असे माझी बायको म्हणते. तेव्हा पुढचे वाचताना ज्याला जिथे वाटेल तिथे त्याने दोनचार इंच खुशाल तासून घ्यावेत. मास्तरांना मात्र रंधा लावू नका. ते होते तेवढेच सांगतो आहे.

मास्तर मूळचे करमाळ्याचे. वडील तिथल्या कमलाभवानीच्या देवळात नगारा वाजवीत. मास्तरांचा आवाज नगाऱ्याचा आणि अंग टिपरीचे. ते वर्गात शास्त्र शिकवीत, आणि त्यांनी एका वर्गात प्रश्न विचारला की शेजारच्या वर्गातली मुले उत्तर देत. चष्मा असा जाड, की उन्हात त्याखाली कागद धरला तर पेटावा. एकदा तर म्हणे मास्तर वाचता वाचता डुलकी लागून झुकले आणि मांडीवरचे धोतर करपले. शाळेत शुद्ध बोलत. पण राग, आनंद किंवा झाड यांपैकी काहीही समोर आले, की जिभेवर करमाळा चढायचा.

जंगलाचे वेड त्यांना लहानपणी लागले. दुष्काळात देवीच्या माळावरची चिंचेची झाडे लोकांनी जळणाला तोडली. “सकाळी गेलो तवा सावली व्हती. सांजच्याला आलो तवा न्हाय. सावली मेलेली मी या डोळ्यांनी पाहिलीय, अण्णाराव,” असे ते मला सांगत. मला ते अण्णाराव म्हणत, मी त्यांच्याहून लहान असलो तरी. पुढे मॅट्रिक होऊन ते जंगलखात्यात कारकुनीला अर्ज करायला गेले. तिथल्या हेडक्लार्कने त्यांचा चष्मा पाहिला आणि म्हणाला, ‘तुम्हांला वाघ दिसायचा नाही.’ मास्तर म्हणाले, ‘वाघाला मी दिसेन की!’ उत्तर बिनतोड होते. नोकरी मिळाली नाही.

तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. आपण नाही तर नाही, पण सोलापूरचा एक मुलगा जंगलखात्यात साहेब करायचा. त्यांचे गणित सरळ होते. सोलापूरचा माणूस मोठा साहेब झाला, की पहिला हुकूम सोलापुरात जंगल लावायचा काढील. “लोक आभाळाकडं बघत बसत्यात,” ते म्हणत, “जंगल पावसानं येत न्हाय. जंगल खात्यानं येतं!”

वाचनालयात सरकारी गॅझेट येई. ते उघडून वाचणारे सगळ्या शहरात मास्तर एकटे. एक दिवस ते गॅझेटमधली एक जाहिरात पाठ करूनच वखारीत आले आणि नगारा सुरू झाला. शास्त्राचा पदवीधर पाहिजे. डेहराडूनच्या जंगल कॉलेजात दोन वर्षे शिक्षण, तेही सरकारी शिष्यवृत्तीवर. पास झाला की थेट अधिकारी. फार चमकला तर विलायत. वय अमुक, छाती फुगली पाहिजे, दमदार चालता आले पाहिजे, घोड्यावर बसता आले पाहिजे, आणि पुण्यात कमिटीपुढे मुलाखत. झाडांची माहिती असणारास प्राधान्य.

“मास्तर,” मी म्हटले, “सोलापुरात शास्त्राचा पदवीधर आणायचा कुठून? झाडापेक्षा तो दुर्मीळ.”

“हाय एक,” मास्तर म्हणाले. “मल्लय्याचा नरसू.”

मल्लय्या आमच्या मागच्या बोळातला विणकर. त्या बोळात सगळी तेलुगू घरे, दिवसभर मागांची खटखट. त्याचा मुलगा नरसय्या मास्तरांचाच विद्यार्थी. तो पुण्याहून रसायन घेऊन बी.एस्सी. होऊन नुकता परतला होता. बोळातला तो पहिलाच पदवीधर. त्याच्या पदवीची बातमी आली तेव्हा बोळातले सगळे माग एक मिनिट थांबले, आणि त्या शांततेने घाबरून शेजारच्या पेठेतली माणसे काय झाले म्हणून पळत आली. इथे कोणाला तासायचे असेल तर तासा.

मास्तर मला घेऊन मल्लय्याकडे गेले. मल्लय्याने माग थांबवला नाही. मास्तर एक वाक्य बोलत, धोटा या टोकाचा त्या टोकाला जाई, मग पुढचे वाक्य. डेहराडून झाले, शिष्यवृत्ती झाली, विलायत झाली. मल्लय्याने मुलाकडे पाहून विचारले, “अडविलो एमुंदिरा?”

“जंगलात काय आहे, असं विचारतायत अप्पा,” नरसय्याने सांगितले.

“जंगलात जंगल हाय, मल्लय्या!” मास्तर गरजले. “आनि काय पायजे?”

मल्लय्याने तेव्हा धोटा हातात धरला. शेजारी दुसरा माग होता, सूत न लावलेला. त्याच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, “हा माग याच्यासाठी ठेवलाय, मास्तर. ह्याची आई बसायची यावर; ती गेली तेव्हापासून रिकामा हाय. तुमचं ऐकून शाळेत घातला, तुमचं ऐकून पुण्याला धाडला. आता एकच बार. नाही झालं तर तुम्ही या दारात यायचं नाही.”

“एकच बार,” मास्तर म्हणाले, आणि हात जोडून उठले. नरसय्याला कोणी विचारलेच नाही. तो उंच, किडकिडीत, हळू बोलणारा मुलगा. पण बाहेर येऊन मला म्हणाला, “अण्णा, पुण्याला जाताना गाडीतून एकदा डोंगर दिसले होते. हिरवे. मी भिगवण येईपर्यंत डोळे मिटून तेच बघत होतो.” भिगवणच्या अलीकडे हिरवे डोंगर कुठले? पण मुलाने पाहिले होते.

आता झाडांची माहिती द्यायची कशी? लिंब, पिंपळ, बाभूळ यांवर डेहराडूनला कोण घेणार? मास्तरांनी पुण्याहून एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ मागवला. त्यात हिंदुस्थानातली सगळी झाडे होती, पण चित्र एकही नव्हते. मास्तर ग्रंथ काखेत मारून माझ्या वखारीत आले, एक ओंडका उचलला, नाकाला लावला, डोळे मिटले आणि तसेच उभे राहिले. मला वाटले, यांना घेरी आली. तर म्हणाले, “अण्णाराव, तुझ्या वखारीत अख्खं अरण्य आडवं पडलंय, आनि आमी सावली शोधत हिंडतोय!”

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की माझ्या वखारीत डेहराडून भरू लागले. मास्तर फळ्यांच्या ढिगावर बसत. समोर नरसय्या, डोळ्यांना मल्लय्याने विणलेल्या लुगड्याच्या काठाची पट्टी. मास्तर एक एक तुकडा हातात देत. नरसय्या वजन बघे, नख लावी, वास घेई.

“साग.”

“बरोबर. पुढचं!”

“शिसव.”

“बरोबर. पुढचं!”

“ऐन... नाही, किंजळ.”

“पयलं बोललास ते बरोबर व्हतं! मनाला ईल ते बोल. पुढचं!”

सागाचा एक तुकडा मास्तरांनी नमुन्यासाठी खास तासून घेतला होता, पोथीएवढा. हातांनी आणि नाकांनी तो पुढे असा गुळगुळीत झाला, की माझ्या बायकोने त्यात बघून कुंकू लावावे. ग्रंथातली पानाफुलांची प्रकरणे मास्तर भराभर उलटून टाकीत. म्हणत, “पान काय, दर साल नवं! त्याचा काय भरवसा? लाकूड एकदाच बोलतं आनि खरं बोलतं.” मला हे फार पटायचे. माझा धंदाच तो.

काही महिन्यांत नरसय्या असा तयार झाला, की माझ्या गिऱ्हाइकांना मी भिऊ लागलो. तो बसलेला असताना कोणाला काही दुसरे म्हणून खपवायची सोय राहिली नाही. एकदा माझ्या घरी जेवायला आला, पोळपाट नाकाला लावला आणि म्हणाला, “अण्णा, हा तुम्हांला आंब्याचा म्हणून विकलाय. सावरीचा आहे.” लाकडाच्या व्यापाऱ्याला पोळपाटात फसवले होते! मी आठवडाभर भाकरीच खाल्ली.

छातीची तयारी झाली. माझ्या टेपने मोजली तर पहिल्याच दिवशी छाती भरली. मास्तर म्हणाले, “तुझा टेप नको. शिंप्याचा आण.” शिंप्याच्या टेपने भरायला मग दूध आणि जोर बैठका कराव्या लागल्या. चालायची तयारी तुळजापूर रस्त्यावर. नरसय्या पुढे, मास्तर मागे, आणि उन्हाने कोणी पडलेच तर उचलायला मी बैलगाडीत. परत येताना गाडीत कोण असे, ते सांगत नाही. टोपी मात्र त्याच्या डोक्यावर नसे.

राहिला घोडा. घोडा कोणाकडे? उस्मानचाचाकडे, तोही टांग्याचा. उस्मानचाचा आधीच म्हणाला, “मास्टर, ये टांगे का जनावर है. इसकू लाटसाब का घोडा नक्को समझो.” मास्तरांनी समजून घेतले नाही. नरसय्याला वर बसवले. घोडा चालू लागला तो थेट स्टेशनवर जाऊन उभा राहिला. गाडीची वेळ होईपर्यंत हलेना. गाडी आली, उतारू उतरले, कोणीच पाठीवर बसेना, तेव्हा निराश होऊन आपणच परतला. रोज हेच. त्या घोड्याने नरसय्याला स्टेशनाचा रस्ता तेवढा पक्का शिकवला, आणि शेवटी त्याच रस्त्याने तो पुण्याला गेला. मास्तरांनी त्याला गाडीत बसवताना सागाचा तुकडा हुंगायला दिला, जसा प्रसाद द्यावा. मल्लय्या आला नव्हता. त्याने बाजरीची भाकरी आणि शेंगांची चटणी तेवढी पाठवली होती.

तो परत यायच्या दिवशी मास्तर आणि मी स्टेशनात. नरसय्या उतरला. मास्तरांना विचारावे लागले नाही. चेहराच असा होता. वखारीत आलो. तो फळ्यांवर बसला, आणि त्याने हळू आवाजात सांगितले.

छाती भरली. चालण्यात तो पहिल्या चारांत आला. घोडा शहाणा निघाला. मुलाखतीत एका साहेबाने टेबलावर लाकडाचे तुकडे ठेवले, आणि नरसय्याने डोळे न उघडता सगळे सांगितले. साहेब खूश झाला. शेजारच्या मेंबराला म्हणाला, हा मुलगा घ्यायचाच. मग सगळ्यांना घेऊन तो बाहेर बागेत गेला. एका झाडाला काठी लावली आणि विचारले, ‘हे कोणते?’

“पानं कशी व्हती?” मास्तरांनी विचारले.

“मोठी. सुपाएवढी. खरखरीत. माझ्या दोन्ही बाजूंना कोकणातली आणि कारवारकडची मुलं होती. ती हसायला लागली होती.”

“मग? तू काय बोललास?”

नरसय्या मातीकडे बघत म्हणाला, “मी म्हणालो, साहेब, थोडं कापून दाखवता का?”

वखारीत करवतसुद्धा चालू नव्हती. मी हसलो असतो, इतर कुठल्याही दिवशी.

“साहेब हसला नाही,” नरसय्या म्हणाला. “माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, बाळ, आमच्या खात्याला झाड कापायच्या आधी ओळखणारा माणूस लागतो. ते झाड साग होतं, मास्तर.”

मास्तर उठले. नमुन्याचा तुकडा हातात घेऊन उलटासुलटा करीत राहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग मला विचारले, “अण्णाराव, उभा साग दिसतो कसा रं?”

मी जन्मभर साग विकला होता. सागावर घर बांधले, सागावर मुलींची लग्ने केली. मी म्हणालो, “मास्तर, मी आडवाच पाहिलाय.”

“मी बी,” मास्तर म्हणाले.

एवढा हळू त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

पण नरसय्याचे वय आणखी एक साल बसत होते. मास्तर मल्लय्याच्या दारात गेले. यायचे नाही असे ठरले होते, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. रिकाम्या मागावर मल्लय्याने ताणा भरायला घेतला होता. मास्तर म्हणाले, “पोरगं हुशार हाय, मल्लय्या. आडाणी मी. शिकवणाराच अर्धा व्हता. एक साल दे.” मल्लय्या त्या मागाकडे वळला. मग त्याने मागावरचे सूत एक एक करून सोडायला सुरुवात केली. ते बघवत नव्हते. विणकराला भरलेला ताणा सोडताना मी त्यापूर्वी पाहिले नव्हते, पुढेही नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत कारवारकडच्या जंगलात लाकडाचा लिलाव होता. मी दरवर्षी डेपोपर्यंत जाई आणि तिथूनच परत येई. त्या साली मास्तर आणि नरसय्या माझ्याबरोबर निघाले. होटगीला गाडी बदलली तेव्हापासून मास्तर खिडकीत. रात्रंदिवस. हुबळी गेल्यावर पुढे बैलगाडी केली. मास्तरांनी नवी टोपी घातली होती. त्यांना जन्मात पहिल्यांदा जंगल दिसणार होते, आणि नरसय्याला सागाचे पान.

पोहोचलो. आणि बघतो तर काय, सगळे जंगल उघडेबोडके! हजारो सरळसोट खांब आभाळात गेलेले आणि एकाच्याही अंगावर पान म्हणून नाही. मला आधी वाटले, इथे मोठी आग लागून गेली. बरोबर जंगलखात्याचा कानडी गार्ड होता. मी त्याला विचारले, हा साग कुठे आहे? त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी पाण्यात बसून पाणी मागतो आहे. “याच्यातच उभे आहात,” तो म्हणाला. साग उन्हाळ्यात पाने टाकतो. शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते म्हणे. अर्थात तिकडच्या. पाने कधी येतील, असे विचारल्यावर म्हणाला, “मळी आदमेले बर्री.” पाऊस झाल्यावर या.

पाऊस झाल्यावर शाळा असते. मास्तरांना सुटी उन्हाळ्यातच.

“मास्तर,” मी म्हटले, “ही तर उभी वखार!”

मास्तरांचे लक्ष नव्हते. त्यांनी पहिल्या सागाला टोपी काढून नमस्कार केला. टोपी घातली. दुसऱ्याला काढली. घातली. तिसऱ्याला काढली, आणि पुढे नजर टाकली. झाडांमागे झाडे, त्यांच्यामागे झाडे, शेवट नाही. मग त्यांनी टोपी काखेत धरली आणि चालू लागले. “हितं टोपी घालायला सवडच न्हाय की रं, नरसू!” असे म्हणाले आणि रडायला लागले. टिपरीएवढा माणूस, पण रडणे नगाऱ्याचे. गार्ड बिचारा घाबरून वाघ आला का बघू लागला.

जमिनीवर गेल्या सालची पाने पडली होती. तपकिरी, सुपाएवढी, पायाखाली पापडासारखी मोडणारी. नरसय्याने एक उचलले, दोन्ही हातांवर धरले आणि कितीतरी वेळ बघत बसला. मास्तरांनी त्यातले धड एक निवडले आणि ते बरोबर घेतले. गाडीच्या गर्दीत त्यांनी ते छातीशी धरले होते. लोक म्हातारबाबांना जागा देत, आणि मास्तर पानाला जागा देत. पण होटगी येईपर्यंत त्याचा चुरा झाला. राहिली फक्त मधली शीर. मास्तर म्हणाले, “हरकत न्हाय. मनात बसलंय आता. आता न्हाय चुकत.”

आणि खरेच, आता चूक होणार नव्हती. नरसय्या सागाचे पान झोपेतही काढून दाखवी. मास्तरांनी ग्रंथातली सोडलेली प्रकरणे पहिल्यापासून घेतली. पान, फूल, फळ, साल. मी ओळखीच्या व्यापाऱ्यांना सांगून पावसाळ्यात ओल्या फांद्या मागवल्या. माझी वखार त्या साली हिरवी दिसत होती, गिऱ्हाईक आत येऊन पत्ता चुकलो म्हणून परत जात.

मग एक दिवस मास्तर वाचनालयातून गॅझेटमधली बातमी घेऊन आले आणि फळ्यांवर बसले. सरकारला पैशाची चणचण होती. सगळ्या खात्यांत काटछाट चालली होती. जंगलखात्यात तूर्त नवी माणसे घ्यायची नाहीत, असे ठरले होते. मुलाखती नाहीत. डेहराडूनचा तो वर्गच भरायचा नाही.

“तूर्त म्हणजे किती?” मी विचारले.

“पोराचं वय सरंल तितकं,” मास्तर म्हणाले.

ते भांडायला निघाले. पण भांडणार कोणाशी? जिल्ह्याच्या साहेबाकडे गेले. साहेबाने खुर्ची दिली, शांतपणे ऐकून घेतले आणि दोन्ही हात उलटे करून दाखवले. पुण्याच्या त्या जुन्या साहेबाला जाऊन भेटले. तो तर म्हणाला, मलाच घरी पाठवतायत. सगळे सज्जन. एकानेही वाईट शब्द काढला नाही. नगाऱ्यावर टिपरी मारावी आणि आवाजच येऊ नये, तशी मास्तरांची गत झाली. दार कोणी लावले म्हणावे, तर दारापाशी कोणी नव्हतेच. ते परत येऊन मल्लय्याच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले. या वेळी मल्लय्याच म्हणाला, “आत या, मास्तर. बसा. तुम्ही तरी काय करणार?”

मास्तरांना ते फार लागले. दार बंद केले असते तर बरे, असे नंतर मला म्हणाले.

नरसय्या मागावर बसला नाही. रसायनाची पदवी होती, गिरणीच्या रंगखात्यात लागला. हात कोपरापर्यंत निळे. पण सुटीच्या दिवशी तो वखारीत यायचा. मास्तर फळ्यांवर बसलेलेच असत. लुगड्याच्या काठाची पट्टी डोळ्यांना बांधली जाई.

“हेद.”

“बरोबर. पुढचं!”

“खैर.”

“बरोबर. पुढचं!”

वय केव्हाच उलटून गेले होते. ते दोघांनाही ठाऊक होते, मलाही, उस्मानचाचाच्या घोड्यालाही. मी एकदा विचारले, “मास्तर, आता हे कशासाठी?” ते म्हणाले, “तूर्त बंद हाय म्हनले ना? बंद व्हतं ते कवातरी उघडतं. उघडलं आनि विचारलं, हाय का कोन सोलापुरात, तर न्हाय म्हनायचं व्हय?”

मास्तर गेले ते उन्हाळ्यात, चार दिवसांच्या तापाने. बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हते. करमाळ्याहून पुतण्या आला. लाकडे माझ्या वखारीतली. गाडी भरताना मी त्यात एक तुकडा हळूच सरकवला.

स्मशानात नरसय्या गाडीपाशी उभा राहिला. गिरणीतून तसाच आला होता, हात निळे. गाडीतले लाकूड उचलायचे आणि रचणाऱ्यांच्या हातात द्यायचे, एवढेच काम. पण सवयच ती. डोळे मिटलेले, त्यांतून पाणी चाललेले, आणि प्रत्येक लाकूड नाकापाशी जाऊन मगच पुढे. मी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आले.

“बाभूळ... बाभूळ... लिंब... चिंच... बाभूळ...”

एक चूक नाही. पुण्याची ती कमिटी त्या दिवशी तिथे असती, तर त्याला पहिल्या नंबराने घेतले असते. यात मी एक इंचही वाढवलेला नाही.

शेवटी हाताला तो गुळगुळीत तुकडा लागला, पोथीएवढा. नरसय्याने तो नाकाला लावायच्या आधीच ओळखला असणार, तरी लावला.

“साग,” तो म्हणाला.

आणि थांबला. तुकडा पुढे देईना. पुतण्या बघू लागला, रचणारे बघू लागले, कोणाला काही कळेना. मला कळले. तो उत्तराची वाट बघत होता.

मी म्हणालो, “बरोबर.”

पुढचं, असे म्हणायला गेलो, तर गाडी रिकामी होती.